वजन भरले म्हणजे पिल्लू भरले का? गाणाऱ्या पक्ष्यांचे बालपण आणि त्यांची पुढची क्षमता

प्रश्न थोडक्यात असा आहे. वन्यजीव उपचार केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या एका वाचकाकडे दरवर्षी उन्हाळ्यात बुलबुल, दयाळ, शिंपी अशा पक्ष्यांची घरट्यातून पडलेली पिल्ले येतात. काही पिल्ले येतानाच उपाशी आणि खुरटलेली असतात. नीट खाणे मिळाल्यावर ती झपाट्याने वाढतात आणि काही दिवसांत काट्यावर बाकीच्यांच्या बरोबरीला येतात. वजन भरल्यावर ती सोडण्याजोगी झाली असे समजावे का, आणि सुरुवातीच्या त्या उपासमारीचा पुढे उडण्यावर, गाण्यावर आणि जगण्यावर काही परिणाम उरतो का, असे त्यांनी विचारले आहे.

परिणाम उरतो, आणि तो बहुतेक वेळा काट्यावर दिसत नाही. वजन ही सगळ्या अवयवांची बेरीज असते. त्या बेरजेत आतड्याचा वाटा किती, स्नायूंचा किती, चरबीचा किती आणि पाण्याचा किती, हे काटा सांगत नाही. आणि ही बेरीज कोणत्या वेगाने गाठली गेली हे तर अजिबात सांगत नाही. माझ्या अनुभवात या वेगाकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

गाणाऱ्या पक्ष्यांचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा उघडे, आंधळे आणि जवळजवळ सगळेच्या सगळे तोंड आणि पोट असते. झेब्रा फिंच या ऑस्ट्रेलियातील छोट्या पक्ष्यावर या विषयातले सर्वाधिक प्रयोग झाले आहेत. त्याचे पिल्लू जन्मतः एका ग्रॅमच्या आसपास असते आणि तीनएक आठवड्यांत घरटे सोडते. एवढ्या थोड्या काळात सगळे अवयव एकाच वेळी तयार करणे शक्य नसल्यामुळे शरीर ते क्रमाने करते. आतडे आणि यकृत आधी वाढतात, कारण त्यांच्यावाचून बाकीचे काही उभेच राहणार नाही. पाय त्यानंतर भराभर वाढतात. छातीचे उडण्याचे स्नायू आणि पंखांची पिसे सर्वांत शेवटी पूर्ण होतात. अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ रॉबर्ट रिकलेफ्स यांनी यामागची अडचण नेमकी मांडली आहे: जी पेशी अजून विभागून वाढत आहे ती प्रौढ पेशीचे काम पूर्ण क्षमतेने करू शकत नाही, त्यामुळे वाढ आणि परिपक्वता यांच्यात सतत ओढाताण चालते. पहिल्या काही दिवसांत पिल्लाला स्वतःचे शरीर गरम ठेवता येत नाही, त्याचे कारणही हेच आहे. कुडकुडून उष्णता निर्माण करणारे स्नायू अजून तयार झालेले नसतात, म्हणून आई घरट्यावरून उठली की थोड्याच वेळात पिल्लू थंड पडू लागते.

या क्रमामुळे तिसऱ्या दिवशीची उपासमार आणि दहाव्या दिवशीची उपासमार या दोन वेगळ्या घटना ठरतात. त्या वेळी जो अवयव बांधणीत असतो त्याला फटका बसतो. म्हणून आपल्या नोंदवहीत पिल्लाचे आलेल्या दिवशीचे वजन लिहिले जात असेल तर त्याच्या आधी अंदाजे वय लिहिले जावे, अशी माझी पहिली सूचना आहे. डोळे उघडले आहेत का, पंखांवरच्या निळसर नळ्यांतून पिसांची टोके बाहेर आली आहेत का, एवढ्यावरून कामापुरता अंदाज बांधता येतो.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असे आपण म्हणतो, ते या पक्ष्यांच्या बाबतीत शब्दशः खरे आहे. बहुतेक गाणाऱ्या पक्ष्यांच्या पायाची नळी घरटे सोडण्यापूर्वीच जवळजवळ अंतिम लांबीला पोहोचते आणि त्यानंतर ती फारशी वाढत नाही. म्हणजे नळीची लांबी ही घरट्यातल्या दिवसांची कायमची नोंद होते. वजन पुढे भरून काढता येते, नळीचे बहुधा येत नाही. त्यामुळे आखूड नळी आणि भरलेले वजन असे पिल्लू हातात आले तर त्याच्या पहिल्या आठवड्याचा अंदाज येतो, मग आणणाऱ्याने काहीही सांगितलेले असो. उलट बाजूने, वजन घटणे हे प्रत्येक वेळी वाईट लक्षण नसते. भिंगऱ्यांची पिल्ले घरट्यात असताना प्रौढांपेक्षा जड होतात आणि उडण्यापूर्वी पुन्हा हलकी होतात. पेशी परिपक्व होताना त्यांच्यातले पाणी कमी होते, हे त्याचे मुख्य कारण आहे. हे माहीत नसलेला माणूस त्या दिवसांत घाबरून जास्त भरवू लागतो.

दुसरी नोंद पिसांत सापडते. पिल्लाचा पंख हलक्या हाताने उलगडून खिडकीच्या उजेडासमोर धरावा. उपासमार, आजार किंवा मोठा ताण झालेल्या दिवशी जेवढे पीस वाढले तेवढ्या भागात एक बारीक, आडवी, जवळजवळ पारदर्शक रेघ दिसते, जणू कापडात एक धागा विरला आहे. पीस एकदा वाढून पूर्ण झाले की त्यात दुरुस्ती होत नाही, आणि ते पुढे अनेकदा त्याच रेघेवर तुटते. शेजारच्या सगळ्या पिसांवर ही रेघ एका ओळीत आली असेल तर त्या दिवशी काहीतरी गंभीर झाले होते असे समजावे. माझ्याकडे सुरुवातीच्या वर्षांत आलेले एक बुलबुलाचे पिल्लू मला अजून आठवते. फार खुरटलेले होते, म्हणून मी त्याला हट्टाने भरवले आणि दहा दिवसांत ते सगळ्यांत गुबगुबीत झाले. पिंजऱ्यात सोडल्यावर ते खालच्या फांदीवरून वरच्या फांदीवर जाईना. वजन प्रौढाचे आणि पंख अर्धवट, त्यातही दोन पिसे रेघेवर मोडलेली; उड्डाणाला लागणारे पंखाचे क्षेत्रफळच नव्हते. ती चूक सर्वस्वी माझी होती, कारण मी रोज काटा पाहत होते आणि पंखाला मोजपट्टी एकदाही लावली नव्हती.

घरटे सोडतानाच्या उड्डाणक्षमतेला किती मोल आहे, हे टॉमस मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अमेरिकेतील गाणाऱ्या पक्ष्यांवर दाखवले. ज्या जातींची घरटी शत्रूंच्या तोंडी जास्त पडतात त्यांची पिल्ले लवकर, म्हणजे पंख पुरते वाढण्याआधीच बाहेर पडतात, नीट उडू शकत नाहीत आणि बाहेरच्या पहिल्या काही दिवसांत मोठ्या संख्येने मरतात. जुंको या चिमणीएवढ्या पक्ष्याची पिल्ले घरट्याभोवती आडोसा करून थोडे दिवस आत ठेवल्यावर ती अधिक चांगली उडाली आणि जास्त जगली. आपल्याकडे कोणीही घरट्यावर बसून हा निर्णय घेत नाही, पण उपचार केंद्रात तो निर्णय रोज आपल्याच हातात असतो.

आता गाण्याकडे येऊ. येथे विषय अधिक गुंतागुंतीचा आहे आणि माझ्या मते अधिक विलक्षणही आहे. गाणारे पक्षी गाणे शिकून गातात. नर झेब्रा फिंच जन्मानंतर साधारण २५ ते ६५ दिवसांच्या काळात बापाचे किंवा जवळच्या दुसऱ्या नराचे गाणे ऐकून लक्षात ठेवतो, सुमारे ३५ व्या दिवसापासून स्वतः पुटपुटू लागतो, आणि ९० व्या दिवसाच्या आसपास त्याचे गाणे पक्के होऊन पुढे जवळजवळ बदलत नाही. यासाठी मेंदूत खास केंद्रे असतात; त्यांपैकी एचव्हीसी आणि आरए या दोन केंद्रांचा उल्लेख पुढे येईल. पिल्लाला उपासमार घडते ती बहुधा घरट्यात, म्हणजे गाणे ऐकून शिकण्याच्या आधी. मग तिचा गाण्याशी संबंध काय? स्टीफन नोविकी, सुझन पीटर्स आणि जेफ्री पोडोस यांनी १९९८ मध्ये याचे एक उत्तर सुचवले: गाण्याची ही केंद्रे ज्या काळात बांधली जातात तोच काळ पिल्लाच्या सर्वांत वेगवान वाढीचा आणि सर्वांत मोठ्या टंचाईचा असतो, म्हणून प्रौढ नराच्या गाण्यात त्याच्या बालपणाचा हिशेब उमटतो, आणि मादी गाणे ऐकते तेव्हा ती नकळत तो हिशेब वाचत असते.

हे नुसते सुंदर अनुमान राहिले नाही. स्वीडनमधील क्वीस्मारेन सरोवराच्या काठच्या बोरूंच्या रानात ग्रेट रीड वॉर्बलर या पक्ष्याचा अनेक वर्षे पाठपुरावा झाला आहे. तेथे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की घरट्यात असताना ज्या पिल्लांची पिसे जास्त वाढलेली होती, त्यांच्या गाण्यात पुढे पहिल्या विणीच्या हंगामात अधिक प्रकारचे तुकडे होते. त्याच सरोवरावरील १९९६ च्या अभ्यासाने दाखवले होते की अधिक तुकडे गाणाऱ्या नरांची पिल्ले जास्त जगतात आणि माद्या जोडीबाहेरच्या संगासाठी अशाच नरांकडे जातात. हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवले म्हणजे नोविकींच्या म्हणण्याला जमिनीवरचा आधार मिळतो.

प्रयोगाचा पुरावा स्वॅम्प स्पॅरो या अमेरिकी पक्ष्यातून आला. नोविकी, विल्यम सर्सी आणि पीटर्स यांनी २००२ मध्ये हाताने वाढवलेल्या पिल्लांच्या एका गटाला भरपेट खाणे दिले आणि दुसऱ्या गटाला त्याच्या सुमारे ७० टक्केच दिले. कमी खाल्लेल्यांच्या मेंदूतील एचव्हीसी आणि आरए ही दोन्ही केंद्रे लहान राहिली, आणि त्यांनी ऐकलेल्या गाण्याची नक्कल कमी अचूक केली. पुढच्याच वर्षी केट बुकॅनन आणि कॅरन स्पेन्सर यांच्या गटाने झेब्रा फिंचवर खाणे कमी करण्याबरोबर आणखी एक गोष्ट केली: काही पिल्लांचे खाणे तसेच ठेवून त्यांना कॉर्टिकोस्टेरॉन हे तणावाचे संप्रेरक दिले. दोन्ही गटांतील नर मोठे झाल्यावर अधिक आखूड आणि साधे गाणे गायले. म्हणजे पोट रिकामे नसले तरी शरीर तणावाच्या अवस्थेत असेल तर परिणाम त्याच दिशेने होतो. उपचार केंद्रासाठी हे फार महत्त्वाचे आहे, कारण आपण भूक भागवतो, पण कुत्र्याचे भुंकणे, उघडझाप करणारा दिवा आणि दर तासाला पिल्लू हातात घेऊन फोटो काढणारे पाहुणे यांच्याकडे लक्ष देत नाही.

तरीही येथे हात आखडता ठेवणे आवश्यक आहे. सगळ्या प्रयोगांचा निकाल सारखा आलेला नाही. हेन्रिक ब्रुम, सू ॲन झोलिंगर आणि पीटर स्लेटर यांनी २००९ मध्ये झेब्रा फिंचवर केलेल्या कामात बालपणीच्या ताणाचा परिणाम शिकण्यावर झाला, परंतु गाण्याच्या गुंतागुंतीवर आणि आवाजाच्या जोरावर झाला नाही. माझे स्वतःचे मत असे बनले आहे की गाण्यात किती तुकडे आहेत याच्यापेक्षा गुरूची नक्कल किती अचूक उतरली हे मोजमाप अधिक विश्वासार्ह आहे. तुकड्यांची संख्या जातीनुसार आणि मोजणाऱ्याच्या कानानुसार फार बदलते.

हाताने वाढवलेल्या पिल्लाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट उपासमारीपेक्षा मोठी ठरू शकते, ती म्हणजे गुरू नसणे. विल्यम थॉर्प यांनी १९५० च्या दशकात केंब्रिजमध्ये चॅफिंच या युरोपीय गाणाऱ्या पक्ष्याची पिल्ले प्रौढांच्या आवाजापासून दूर वाढवली, तेव्हा ती मोठी होऊन गायली खरी, पण ते गाणे अर्धेमुर्धे आणि ओबडधोबड होते. बंद खोलीत पंख्याच्या आवाजात वाढलेला दयाळ पुढे बेसूर गायला तर त्याचा दोष लगेच खाद्यावर टाकू नये. पिंजरा जर अशा जागी ठेवता आला की जेथून पहाटे बाहेरचा दयाळ ऐकू येतो, तर तसा ठेवावा. रात्रीचा अंधारही पाळावा. सेबास्तियाँ देरेन्योकूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले की शिकाऊ झेब्रा फिंचचे गाणे झोपेनंतर सकाळी आदल्या दिवसापेक्षा बिघडलेले असते आणि मग सरावाने सुधारते. ज्यांच्यात हे रोजचे बिघडणे जास्त होते त्यांची शेवटची नक्कल अधिक चांगली उतरली. म्हणजे झोप हाही त्या रियाजाचाच भाग आहे.

आता मूळ प्रश्नाच्या गाभ्याकडे: खुरटलेले पिल्लू भरभर वाढून बरोबरीला आले, तर तोटा मिटला का? नील मेटकाफ आणि पॅट मोनाघन यांनी २००१ मध्ये या भरपाईच्या वाढीला उसनवारीसारखे मानले: आज वाढून घ्या, किंमत पुढे मोजा. त्यांच्या गटाने २००६ मध्ये झेब्रा फिंचच्या पिल्लांना पहिले २० दिवस हलक्या दर्जाचे खाणे दिले आणि मग चांगले खाणे सुरू केले. पिल्ले आकाराने बरोबरीला आली. मोठी झाल्यावर मात्र, खाणे कोठे आहे हे खुणेवरून ओळखण्याचे साधे काम शिकायला ज्यांनी जास्त वेगाने भरपाई केली होती त्यांना जास्त वेळ लागला. म्हणजे फटका टंचाईच्या बरोबरीने त्या घाईचाही होता. जॉनाथन ब्लाउंट यांच्या २००३ च्या प्रयोगात तर केवळ १५ दिवसांचे निकृष्ट खाणे पुरले. त्या पिल्लांच्या रक्तातील अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींची झीज रोखणारी, द्रव्ये प्रौढपणी सुमारे निम्मी होती. जास्त भावंडांच्या गर्दीत वाढलेल्या झेब्रा फिंचचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च प्रौढपणीही जास्त राहतो, हे सायमन व्हरहुल्स्ट यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले. असा पक्षी दिसायला धडधाकट असतो, पण थंडीच्या लांब रात्री त्याची शिदोरी लवकर संपते.

याउलट टोकाचे एक उदाहरण नोंदवले पाहिजे, नाहीतर लहान म्हणजे वाईट असा समज पक्का होईल. मिलेन मारिएट आणि केट बुकॅनन यांनी २०१६ मध्ये दाखवले की बाहेरचे तापमान २६ अंशांच्या वर गेले की झेब्रा फिंचचे आईबाप अंडी उबवण्याच्या शेवटच्या दिवसांत एक विशिष्ट आवाज काढतात. तो आवाज अंड्यात ऐकलेली पिल्ले उष्ण घरट्यात कमी वजनाची राहिली, आणि अशा उष्णतेत लहान राहिलेल्यांना पुढे पहिल्या हंगामात जास्त पिल्ले झाली. दुसरीकडे इंग्लंडमधील वायथम वुड्स या जंगलात, जेथे १९४७ पासून ग्रेट टिट या छोट्या पक्ष्याच्या घरट्यांच्या नोंदी चालू आहेत, क्रिस्टोफर पेरिन्स यांनी १९६५ मध्ये दाखवले होते की घरटे सोडताना जड असलेली पिल्ले पुढे जास्त जगतात. दोन्ही खरे आहे. वजनाचा अर्थ हवामान, हंगाम आणि जात पाहिल्याशिवाय लावता येत नाही.

खाण्याच्या प्रमाणाइतकाच त्याचा दर्जा महत्त्वाचा आहे. आईबाप पिल्लाच्या वयाप्रमाणे भक्ष्य निवडतात. युरोपातील निळ्या टिटची जोडी लहान पिल्लांना कोळी मोठ्या प्रमाणात आणून देते, आणि कोळ्यांत टॉरिन हे द्रव्य विपुल असते. कॅथरिन अर्नोल्ड यांच्या गटाने २००७ मध्ये घरट्यातल्या काही पिल्लांना जादा टॉरिन दिले, तेव्हा ती पुढे अधिक धीट निघाली आणि खाण्याची जागा लक्षात ठेवण्यात सरस ठरली. आपल्याकडे दयाळ आणि बुलबुलाच्या पिल्लांना दूध-पाव भरवून आणणारे सज्जन अजूनही भेटतात. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही, आणि पावात त्या वयाला लागणारी प्रथिने नसतात. नुसत्या मीलवर्मवर, म्हणजे विकत मिळणाऱ्या भुंग्यांच्या अळ्यांवर, वाढवलेल्या पिल्लांना कॅल्शियम कमी पडून हाडे मऊ राहतात, म्हणून त्यात कॅल्शियमची पूड मिसळणे भाग आहे. नाकतोडे, सुरवंट, कोळी असे मिश्र खाणे मिळाले तर उत्तम.

मग खुरटलेल्या पिल्लाचे करायचे काय? त्याला जाणूनबुजून कमी खायला देऊन वाढ मंद करावी असा अर्थ कृपया काढू नये. चोच वासून मागणाऱ्या पिल्लाला उपाशी ठेवणे हा दुसरा ताण झाला. आलेल्या दिवशी आधी ते उबदार करावे, मग त्याची पाण्याची कमतरता भरून काढावी आणि त्यानंतरच खाणे सुरू करावे, कारण थंड पिल्लाचे पोट खाणे पचवू शकत नाही. पुढे दिवसभर थोडे थोडे, मागेल तेवढे आणि वयाला साजेसे द्यावे. काट्यावरचा आकडा लवकर वर जावा म्हणून चरबीचे किंवा गोड खाणे वाढवणे मात्र टाळावे. त्या आकड्याच्या मागे धावण्यातच माझे ते बुलबुल बिघडले.

सोडण्यापूर्वी वजनासोबत पंखाची लांबी लिहावी, पिसांवरची रेघ पाहावी आणि मोठ्या पिंजऱ्यात ते खालून वर, उभ्या चढाने उडते का हे तपासावे. आडवे उडणे फसवे असते. मांजर मागे लागल्यावर लागतो तो चढ. युरोपीय स्टार्लिंग या आपल्या मैनेच्या नातेवाइकावर २०१५ मध्ये झालेल्या कामात, घरट्यात मोठ्या भावंडांशी झुंजत वाढलेल्या पक्ष्यांमध्ये उड्डाण घेतानाचा चढ आणि वेग यांतली ओढाताण अधिक तीव्र दिसली. एक साधायला दुसरे अधिक सोडावे लागत होते. पत्रासोबत आपण ज्या दोन दयाळांची मापे पाठवली आहेत, त्यांपैकी पहिल्याचा पंख वयाला शोभेसा आहे. त्याला हरकत नाही. दुसऱ्याचे वजन त्याच्याहून दोन ग्रॅम जास्त आणि पंख आखूड आहे, तेव्हा त्याला अजून आठवडाभर मोठ्या पिंजऱ्यात ठेवावे, फांद्या वेगवेगळ्या उंचीवर बांधाव्यात आणि खाण्याची वाटी सर्वांत वरच्या फांदीजवळ टांगावी.